साच्यात राहिलेली मिशी

हिंगोलीला चित्रकलेचं कॉलेज होतं असं मी सांगतो तेव्हा खुद्द हिंगोलीचीच माणसं माझ्याकडे संशयानं बघतात. होतं. खताच्या दुकानावर होतं. खाली युरियाची पोती, वर आम्ही. श्रावणात पोती ओलावली की असा उग्र वास जिन्यानं वर यायचा की आमच्या जलरंगातली झाडं नांदेड-औरंगाबादच्या पोरांच्या झाडांपेक्षा वीतभर उंच निघायची. परभणीतून फुटून हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमाराची ही गोष्ट. जिल्हा झाला म्हणजे कलेक्टर पाहिजे, कोर्ट पाहिजे, मग कलाही पाहिजे, असं कुणाच्या तरी मनात आलं असावं. दोन खोल्या, वर पत्रे, आम्ही मूठभर पोरंपोरी आणि एक सर.

सर एकटेच सगळं शिकवत. सोमवारी पेन्सिल, मंगळवारी जलरंग, मग लिनोचे ठसे, कागदकाम, मातीकाम. वार बदलला की माणूस बदलायचा. पेन्सिलीच्या दिवशी टोचून बोलायचे, जलरंगाच्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत उगाच पाणी यायचं आणि मातीकामाच्या दिवशी ते हललेले मी कधी पाहिले नाहीत. स्थिरचित्रासाठी त्यांनी एकदा केळ्यांचा घड मांडला. बाह्यरेषा होईपर्यंत घड होता, छायाप्रकाशाला लागेपर्यंत नुसती सालं उरली. त्यानंतर वर्षभर आम्ही एकच लाल भोपळा काढला, कारण तो कच्चा कुणाला खाता येईना. तरी एकानं प्रयत्न केला होता.

मला मात्र तिथली एक विद्या फार आवडली. हात ताठ समोर धरायचा, मुठीत पेन्सिल उभी, एक डोळा मिटायचा आणि अंगठा खालीवर सरकवत समोरच्या वस्तूचं माप घ्यायचं. सुट्टीत गावी, साखऱ्याला गेलो की मी दिसेल त्याचं माप घ्यायचो. म्हशीचं, बाभळीचं, सरपंचाच्या पोटाचं. सरपंचाला पेन्सिल पुरली नाही.

माझे आजोबा, आबा, ओसरीवरच्या बाजेवरून हे बघत.

"काय नेम धरून राहिला रे?"

"माप घेतोय आबा. तुमचं नाक कानाएवढं हाय."

"मंग कान मोठे हायेत माझे. नाक बराबर हाय."

आबा त्या वर्षी जरा थकले होते. जेवण कमी झालं होतं, बोलणं नाही.

आता दादांची मिशी. दादा म्हणजे माझे वडील. त्यांची मिशी आधी घरात यायची, मग दादा. गोरेगावच्या बाजारात माणसांची चुकामूक होऊ नये म्हणून लोक एकमेकांना सांगत, "त्या मिशीपाशी थांब." पोळ्याला बैलांच्या शिंगांना तेल लावून झालं की उरलेलं सगळं मिशीला जायचं आणि बैल तिच्याकडे असूयेनं बघायचे. पण ती नुसती ऐट नव्हती. आमच्यात बाप जिवंत आहे तोवर मिशीला वस्तरा लावत नाहीत. बाप गेला की त्याच दिवशी, अग्नी द्यायच्या आधी, न्हावी ती काढतो. त्यामुळे कुणी बाप्या कोऱ्या ओठानं गावात आला तर त्याला कुणी काय झालं असं विचारत नाही. कवा झालं, एवढंच विचारतात.

शेवटच्या वर्षी, दिवाळीनंतर, सरांनी जाहीर केलं की शिल्पाच्या परीक्षेला जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा लागेल. सरांनी स्वतः तो कधी केला नव्हता. त्यांच्याकडे पुस्तक होतं आणि त्यातलं नेमकं ते पान वाळवीनं अर्धं खाल्लं होतं. प्लास्टर आम्ही हाडांच्या दवाखान्यातून उचललं. त्या आठवड्यात हिंगोलीत ज्यांचे पाय मोडले ते अजून लंगडत असतील.

प्लास्टर मिळालं, तोंड मिळेना. माझा जोडीदार हिंगोलीचाच, बौद्ध वाड्यातला, वर्गात सगळ्यात हुशार हाताचा. त्याला म्हटलं, तू बस. तो म्हणाला, "माझं तोंड मला लागतं बावा. मला बोलायचं असतं."

तेवढ्यात जिन्यावर दादा दिसले. बाजाराला आले होते, मायनं दिलेला भाकरीचा डबा मला द्यायला वर आले. आम्ही दोघांनी त्यांना असं धरलं की बँकेच्या साहेबालाही कधी कुणी धरलं नसेल.

"दादा, तुमच्या तोंडाचा मुखवटा करायचाय. परीक्षेला."

"काहून, माझंच काहून?"

"तुमचं तोंड भारी हाय काका," जोडीदार म्हणाला.

मिशीवरून हात फिरला. "दुखतं का?"

"न्हाई. नुसतं उताणं निजायचं."

भर दुपारी, लोकांदेखत, कामाचं म्हणून निजायचं! दादांच्या उभ्या आयुष्यात अशी संधी आली नव्हती. "मंग काही तकलीफ न्हाई," म्हणाले आणि टेबलावर चढले.

आम्ही त्यांच्या तोंडाला करडीचं तेल चोळलं. वाळवीनं ठेवलेल्या अर्ध्या पानावर एवढं स्पष्ट होतं की केसाला तेल पाहिजे, नाहीतर प्लास्टर केस धरून बसतं. मिशीला तर इतकं पाजलं की गालांवरून ओघळ गेला. मग आम्ही दोघं पाणी आणायला आणि प्लास्टर कालवायला खाली अंगणात गेलो.

इथं दादांनी ते केलं जे साखऱ्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं. त्यांच्या लेखी मुखवटा म्हणजे एक जाड फोटो. आणि फोटो काढायचा म्हटल्यावर तेलकट तोंडानं कुणी बसतं का? तेलकट तोंड काळं येतं. आम्ही वळताच ते उठले, ब्रश धुवायच्या टाकीवर गेले, लाल साबणानं खसाखसा तोंड धुतलं, मिशीला दोनदा साबण लावला, वर्गातल्या एका पोरीकडून पावडर मागून घेतली, ती सढळ हातानं थापली, मिशी विंचरून वर वळवली आणि पुन्हा येऊन उताणे झाले. आम्ही आलो तेव्हा ते पांढरे दिसले खरे. पण त्या दिवशी वर्गात प्लास्टरच्या भुकटीनं सगळीच पांढरी होती. मांजरसुद्धा.

डोळ्यांवर आणि भुवयांवर ओल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवल्या. नाकपुड्यांत पपईच्या पानांच्या देठाच्या नळ्या दिल्या. आणि ओतलं.

प्लास्टर बसताना तापतं. हे आम्हाला माहीत होतं, दादांना नव्हतं. थोड्या वेळानं त्यांच्या पायाची बोटं हलली, मग हात वर झाला, मग पपईच्या नळ्यांतून अशी शिट्टी निघाली की स्टेशनवरच्या लोकांनी सामान उचललं म्हणतात.

"गरम होणारच," सर खुर्चीवरून म्हणाले. "ती प्रक्रिया आहे."

साचा बसला. आम्ही कपाळाकडून उचलायला घेतला. कपाळ सुटलं, पट्ट्यांसकट डोळे सुटले, गाल सुटले, नाक सुटलं. आणि मग दादांचा वरचा ओठ साच्याबरोबर वर यायला लागला. आम्ही खाली सोडला. पुन्हा उचलला. पुन्हा ओठ आला.

"तेल कमी पडलं," सर म्हणाले.

"पावशेर चोळलंय सर!"

तेव्हा मागून ती पोरगी पुढं आली, वाकून बघितलं आणि मायेनं म्हणाली, "काका, पावडर पुरली ना?"

वर्गात जी शांतता पसरली ती खाली युरियापर्यंत गेली.

मग पाणी घालून बघितलं. तेल सोडलं, तूप सोडलं. कुणी म्हणालं हातोडी मारा, पण खाली माझा बाप होता. दादांचं तोंड आत होतं, त्यामुळे बोलणं बंद. डोळे मात्र उघडे पडले होते आणि ते थेट माझ्याकडे बघत होते. जोडीदारानं लिनो कापायचं पातं उचललं.

"कापावी लागंल."

दादांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. साच्यासकट हलवली.

"न्हाई कापता यायची," मी म्हणालो. "आमचे आबा हायेत अजून."

"मंग?"

मी त्याला सांगितलं. तो चकित होऊन ऐकत राहिला. "आमच्यात असलं काही न्हाई बावा. माझ्या बापानं लग्नाआधीच काढली. अन् आजा आमचा अजून कबड्डीचा पंच असतो."

हे ऐकून दादांची पकड जराही सैल झाली नाही. पण असं किती वेळ निजणार? पाणी पिता येईना, थुंकता येईना. शेवटी त्यांनीच माझं मनगट सोडलं आणि डोळे मिटले. मी पत्र्याकडे बघितलं. करकर असा आवाज आला, गंजीतून कडबा उपसावा तसा. साचा सुटला. मिशी अख्खी त्यात राहिली.

माझ्या बापाला वरचा ओठ आहे हे मला तेव्हा कळलं. पातळ होता. लहान मुलाचा असावा तसा. दादांनी त्यावर बोट ठेवलं, लगेच काढलं आणि एवढंच म्हणाले, "गमजा दे."

मी त्यांच्यासोबत निघालो. साचा पोत्यात गुंडाळून घेतला, आबांना पुरावा दाखवायला. दादांनी गमजा नाकापर्यंत बांधला. गोरेगावला जीप थांबली. तिथली जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे काय, तर ड्रायव्हरला स्टिअरिंग दिसायचं बंद झालं की भरली. तोवर चहा. आणि चहा प्यायला गमजा खाली घ्यावा लागला.

हॉटेलवाल्यानं दादांचं तोंड बघितलं आणि रेडिओ बंद केला.

"कवा झालं?"

"न्हाई न्हाई," दादा म्हणाले. "बरे हायेत आबा."

"व्हय. आता बरेच म्हनायचे. सुटले."

"तसं न्हाई, जित्ते हायेत."

"आपल्यासाठी कवाबी जित्तेच," तो म्हणाला आणि डोळे पुसले.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी पोत्यातून साचा काढून दाखवावा असं त्यांना वाटत होतं. पण भर बाजारात बापाचं उलटं तोंड काढून धरायचं म्हणजे! मी चहात बघत बसलो. समोरून एक सायकल साखऱ्याच्या वाटेला लागली तेव्हाच मी समजलो. आमची जीप अजून भरायचीच होती. पण बातमी घेऊन सायकल पुढं गेली.

आम्ही पोचलो तर आमच्या अंगणात माणूस मावत नव्हता. बाया गल्लीच्या तोंडापासून गळा काढून येत होत्या आणि ओसरी दिसली की एकेकीचा गळा आपोआप बंद पडत होता. कारण ओसरीवर बाजेवर आबा बसले होते, बशीत चहा ओतून पीत.

"कोन गेलं?" ते प्रत्येकीला विचारत. कुणी सांगेना. शेवटी ते वैतागले आणि मायला म्हणाले, "माझा रुमाल दे अन् काठी दे. कोन का असंना, मयताला गेलं पाहिजे. मानसं नावं ठेवतात."

रुमाल डोक्याला बांधताना त्यांना दादा दिसले. गमजा खाली घे असं त्यांनी हातानंच सांगितलं. दादांनी घेतला.

आबा त्या ओठाकडे बघत राहिले. मग रुमालाचा शेव सोडला.

"मंग मीच गेलो म्हना की."

कुणी हसलं नाही. दादा गुडघ्यावर बसले. मग मी पोतं सोडलं. साचा आबांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं, साबण, पावडर, शिट्टी. आबांनी साच्याच्या आत हात घातला. केस चाचपले, ओढून बघितले.

"केस खरे हायेत. पर तोंड आत गेलंय ह्याचं."

"तो साचा हाय आबा. ह्यात पुन्हा ओतलं की तोंड बाहेर येतं."

"मिशी येती का बाहेर?"

"ती येईल. पर प्लास्टरवर."

आबा आधी पोटात हसले, मग खांद्यात, मग खोकल्यात. अंगण हसत सुटलं. बायाही हसल्या. रडायची तयारी करून आलेलं माणूस हसायला लागलं की आवरत नाही. आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जा रे घरी. आता मला मरता येत न्हाई. मी गेलो तर हा काय काढून देईल? मिशी येऊ द्या, मंग बघू."

ही थट्टा होती. पण थट्टा म्हणून ती गावातून घरोघर गेली आणि आमच्या घरात मात्र तशी राहिली नाही.

संक्रांतीच्या आगेमागे आबांना भाकरीचा घास उतरेना. दूध-भाकरी कुस्करून दिली, ती उतरेना. हिंगोलीला नेलं, मग नांदेडला नेलं. घशाखाली काहीतरी धरलंय, वय झालंय, घरी न्या, असं तिथले डॉक्टर दादांना बाजूला घेऊन म्हणाले. परत येताना जीपमध्ये आबाच बोलले. "मिशी कुठवर आली रे ह्याची? मोज."

मी खिशातून पेन्सिल काढली. हात ताठ धरला. जीप अशी उडत होती की मिशी कधी दादांच्या कपाळावर जात होती, कधी छातीवर.

"अजून न्हाई आबा. गव्हाएवढी हाय."

"मंग येळ हाय," ते म्हणाले आणि झोपले.

त्यानंतर मी घरी गेलो की पहिला प्रश्न तोच. दादा समोर उभे राहत, मी डोळा मिटत असे, आबा दोघांकडे आळीपाळीनं बघत. मिशी गव्हाएवढीच. पंधरवड्यानं गेलो, गव्हाएवढी. शिवरात्र झाली, गव्हाएवढी. आमच्या बापाची मिशी म्हणजे पूर्वी सकाळी कातरली तर संध्याकाळपर्यंत चुलीत जायची अशी. ती अडून बसली.

"कसलं बेणं हाय हे?" आबा दादांना म्हणायचे. आता आवाज पार बारीक झाला होता, पाण्याचा घोटसुद्धा अर्धा परत यायचा. "जरा खत घाल की. ह्याच्या कालेजाखाली हाय म्हनं दुकान."

एका सकाळी मी कडब्याच्या गंजीमागं गेलो तर दादा तिथं उकिडवे बसले होते. हातात घरातली एकुलती कात्री, पोळ्याला बैलांच्या शेपटीचे केस कापायची. आरसा नव्हता. डाव्या हाताच्या बोटांनी चाचपत ते ओठावरचे केस कातरत होते आणि चिमूट चिमूट कडब्यात टाकत होते.

मला बघून थांबले नाहीत.

"काय बघून राहिला? वाढली की ते जातील."

"दादा, असं काही नसतं."

"नसंल," म्हणाले. "तू जा, बैलांना पानी दाव."

मी गेलो. दुपारी आबा म्हणाले मोज, मी मोजलं. गव्हाएवढी. दादांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी दादांकडे. बाजेवर आबांचे हात असे झाले होते की मी त्यांचं पेन्सिलीचं रेखाटन केलं तर सर म्हणाले, हाडांचा अभ्यास छान आहे, पण माणूस कुठाय? कोळशात काढलं, धूर निघाला. जलरंगात काढलं तर रंग कागदावर पसरतच गेला आणि मी हातात कुंचला धरून बघत राहिलो. कॉलेजनं मला सगळी माध्यमं शिकवली होती. एकातही ते धरले जात नव्हते.

शिल्पाची परीक्षा होळीनंतर झाली. बाहेरून परीक्षक आले. साच्यातून मी दादांचं तोंड ओतून काढलं होतं आणि खरी मिशी साच्यातून निघून अलगद त्या प्लास्टरच्या ओठावर आली होती. परीक्षकांनी चष्मा वर करून बोट फिरवलं. "केसांचा पोत फार खरा साधलाय." जोडीदार खोकत खोकत खिडकीपाशी गेला. माझ्या आयुष्यात मला कलेसाठी मिळालेला तो एकमेव पहिला नंबर, आणि तोही बापाच्या मिशीला. आबांना सांगितलं तेव्हा त्यांचे ओठ हलले. हसले असावेत.

मग त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. माय रानात होती, दादा गोठ्यात.

"तुझ्या बापाला म्हन, आता वाढू दे."

मी बाजेखालचा तांब्या सरळ केला.

"रोज सकाळी कडब्यामागं जातो अन् येताना ओठ चोळीत येतो. मला गिळता येत न्हाई. बघता येतं."

"तुमीच सांगा की आबा."

"मी बाप हाय. कसं सांगू त्याला?" नुसता श्वास ऐकू येत होता, पपईच्या नळीतून यावा तसा. "अन् मी सांगितलं असं म्हनू नको. तू चितारी हाईस. काहीतरी काढ."

काय काढू? गोठ्यापर्यंत जाताना मी अंगण तीनदा ओलांडलं असेल. दादा बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत उभे होते. जगातली कुठलीही गोष्ट फुगवून सांगणारा मी, मला एक सरळ वाक्य जुळवता येईना. वाढू द्या म्हणावं तर त्याचा अर्थ काय होतो हे आम्हा दोघांना माहीत. न म्हणावं तर ओसरीवरून तो श्वास ऐकू येत होता.

"दादा," मी म्हणालो, "कातर पाहिजे होती."

"काहून?"

"कागदकामाची परीक्षा हाय. कापायला लागती."

दादांचा हात वशिंडावर थांबला. कागदकामाला कॉलेजात कात्र्या असतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनीच एकदा सरांच्या टेबलावर बघून विचारलं होतं, एवढ्या कशाला? ते माझ्याकडे बघत राहिले. मग दावणीच्या वरच्या फटीतून कात्री काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. पात्यांना दोन-चार केस होते, तेही पुसले. आणि दिली.

"परत कवा आनशील?"

"परीक्षा झाली की."

"बरं."

गावात दुसरी कात्री नव्हती असं नाही. शेजारी होती, दुकानात होती. दादांनी आणली नाही.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा पाडवा होऊन गेला होता. मिशी आली होती. पहिल्यासारखी ऐटदार नव्हे, मधेमधे पांढरी, पण भरघोस. आबांना आता बोलता येत नव्हतं. त्यांनी अंगठा वर केला. मोज. दादा समोर येऊन उभे राहिले, रोजच्यासारखे, हात मागं बांधून. मी हात ताठ केला, पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला. उघड्या डोळ्यातून नीट दिसेना, अंगठा घसरत राहिला.

"आली आबा," मी म्हणालो.

बाजेवरून आबांनीही एक डोळा मिटला आणि आपला अंगठा दादांच्या तोंडावर धरून बराच वेळ ठेवला. माप पटलं असावं. हात खाली आला.

त्या आठवड्यातच ते गेले. या वेळी गोरेगावहून कुणाला सायकल दामटावी लागली नाही. ओढ्याकाठी न्हावी बसला, समोर दादा. त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला, मिशीला लावला आणि थांबला.

"दाट हाय पाटील. आदी कातरून घ्यावी लागंल." आणि तो आपल्या पेटीतली कात्री शोधू लागला.

दादांचे डोळे मिटलेले होते. ते तसेच ठेवून म्हणाले, "राहू द्या तुमची." आणि मग माझ्या दिशेनं हात पुढं केला. "परीक्षा झाली ना तुझी? दे घरची."

ती माझ्या पिशवीत होती.